वरच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय मॅटर्निटी लीव्ह सुरू झालीय पण बाळाचा पत्ता नाही, अशा आणखी कुणाला तरी तुमच्या युक्त्या उपयोगी पडतील.

रजेचे सुरुवातीचे दिवस बरे गेले. कपाटं आवरली, मग आवरलेलीच पुन्हा आवरली. त्यानंतर मात्र दिवस सरता सरेना. ऑफिस नाही, बाळ नाही, पाठ भरून आलेली, आणि सारखे फोन : "काय गं, काही हालचाल?" प्रेमापोटीच विचारतात, कळतं. पण प्रत्येकाला "अजून नाही" सांगून सांगून आपलंच काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागतं. त्यात "आत्ताच झोपून घे, नंतर मिळायची नाही" हा सल्ला. झोप काय साठवता येते? आणि रात्री दर दोन तासांनी बाथरूमला उठणारीला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे.

तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी नोकरी काढलेली तुम्ही; जिना उतरतानाचं माझं चालणं बघूनच तुम्हाला काय ते समजत असणार.

तारखेचं भूत तुम्हीच उतरवलंत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला तो अंदाज. नेमकी त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच, आणि पहिलटकरणीचे दिवस तर अनेकदा पुढेच जातात. "३७ आठवडे पुरे झाले की कधीही तयार राहायचं, ४१ झाले की पुढचं डॉक्टर ठरवतील," एवढं सांगून तुम्ही मोकळ्या झालात. लोकांना तारीख न सांगता "महिनाअखेर" सांगायचं, हेही तुमचंच. फोन खरंच कमी झाले.

आणि मग ती दुपारची कामं. चारच्या सुमाराला तुम्ही यायचात आणि मला काहीतरी करायला लावायचात. नुसता वेळ घालवायचा उद्योग त्यात एकही नव्हता. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिला बाळाचे कपडे घालायचे, खोलीतला दिवा मालवायचा आणि एका हातानं टिचबटणं लावायची. दुसरा हात गुंडाळीच्या मानेखाली, तो काढायचा नाही. मी गळ्यापासून सुरुवात करायचे आणि पायापाशी पोचले की एक बटण जोडीदाराविना उरायचं. "खालून लावत ये," तुम्ही म्हणालात. खालून लावली की चुकत नाही. रात्री तीन वाजता, रडणाऱ्या बाळाच्या पायांशी झटापट करताना हे किती मोलाचं आहे ते आता कळतंय.

पाजायच्या खुर्चीचीही तालीम घेतलीत. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे आईचा निम्मा दिवस तिथेच. मला तिथे बसवून, मांडीवर उशी देऊन तुम्ही म्हणालात, "आता न उठता पाणी घे." बाटली हाताच्या टापूबाहेर. चार्जरची वायर तोकडी. सगळं हलवून, पुन्हा बसून बघितलं तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं.

मोठ्यानं वाचायला सांगितलंत तेव्हा जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचली. तुम्ही हसला नाहीत. पोटातल्या बाळाला ऐकू येतं, आईचा आवाज जन्मल्यावर ते ओळखतं. त्याला मजकुराशी काय देणंघेणं!

मात्र एका संध्याकाळी तुम्ही सगळं बाजूला ठेवायला लावलंत. "आज पोटात जरा शांतच आहे," असं मी बोलता बोलता म्हणाले. तुम्ही बसल्या जागेवरून उठलात. शेवटी शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ कमी हलतं, असं मी ऐकलं होतं. ते खरं नाही, म्हणालात. नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखान्यात फोन करायचा. फोन लावलात, बरोबर आलात, पोटाला पट्टे बांधून ठोके मोजेपर्यंत माझ्या चपला हातात धरून उभ्या राहिलात. सगळं ठीक निघालं. परतताना उगाच त्रास दिला म्हणून मी ओशाळले, तर तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाटलं तर पुन्हा जायचं." हे वाक्य प्रत्येक गरोदर बाईला कुणीतरी सांगायला हवं.

आता लेक आलीय, आणि अर्थातच तारीख उलटून गेल्यावर. परवा तुम्ही विचारलंत, "काही आणू का?" काही नको. फक्त चारला या आणि तासभर तिला घेऊन बसा. मी आतल्या खोलीत झोपते. भुकेनं रडली तरच उठवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची