पाचटाचे पैसे कुणाला?

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ हे जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणारे धोरण मंजूर केल्यापासून जैवअर्थव्यवस्थेचा, म्हणजे पिकांसारख्या जैविक मालावर चालणाऱ्या उद्योगांचा, बोलबाला आहे. कारखानदारांना त्यात इथेनॉल आणि बगॅसची (उसाच्या चोथ्याची) वीज दिसते, सरकारला तेल आयातीतली बचत. शिरोळच्या ऊस उत्पादकाचे लक्ष मात्र एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची रक्कम, खात्यावर कधी पडते याकडे. उद्या पाचटही (उसाची वाळलेली पानेही) जैवइंधनाला गेले, तर त्याचे पैसे कुणाला? खरे तर ते सरीतच कुजवावे, जमिनीचा कर्ब वाढतो. आमच्या क्षारपड रानांना त्याचीच गरज आहे. पंचगंगाकाठच्या गावांना सांडपाण्याची धास्ती. नदीत मेलेले मासे तरंगताना त्यांनी पाहिलेत. ऊसतोड मजुरांना तर कुणी विचारतच नाही. नव्या प्रकल्पांना मंजुरी देण्याआधी या सगळ्यांची सुनावणी घ्या, आणि ती गावच्या चावडीवर घ्या.

– एक ऊस उत्पादक, कोल्हापूर