जॅकखालची उशी

प्रिय वसंता,

तुझे तीन फोन येऊन गेले, एकही उचलला नाही. रागावू नको लेका. फोन आला की ही जवळच बसलेली असते, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही. म्हणून कागद घेतला. माझी शुगर बरी आहे, गुडघे आहेत तसे आहेत.

सव्वा महिना झाला तशी सुमीला नागपूरहून घेऊन आलो. जावयानं लेकरासाठी ती खुर्ची घेतली आहे, गाडीत मागं बसवायची, पोरीचं तोंड मागच्या काचेकडं. मी म्हटलं, "कायले पाह्यजे? मांडीवर काय झालं?" तर म्हणे 2019 पासून कायदा आहे, हजार रुपये दंड. एसटीत उभी हयात काढलेला तू, तुला हसू येईल. तुझ्या गाडीत लेकरं काय, कोंबड्याही मांडीवर बसून यवतमाळले जात.

हिनं नातीसाठी हातानं मोहरीची उशी शिवली होती. निघतानाच सुमीनं ती बाजूला ठेवली. खुर्चीसोबत आलं तेवढंच अस्तर, वरून काही घालायचं नाही म्हणे. मी गप्प. पण वर्ध्याला चहाला थांबलो, ती हात धुवायला गेली, आणि पाहतो तर नातीचं डोस्कं एका अंगाला कलंडलेलं. मला पाहवेना. तूच आठवलास. सुमी चार दिवसांची, रात्रीची बैलगाडी, आणि तू गावापर्यंत तिचं डोकं तळहातावर धरून बसलेला. (मी बैल दणादणा हाकले म्हणून अजून बोंबलतोस. शंकरपटात जोडी तुझ्याच कासऱ्यापायी हरली, ते आधी कबूल कर.) माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर जाणार होते. उशी मागून सरकवली, वरून टोपडं ओढलं.

देवळी मागं पडली. सुमी रात्रभर जागलेली, तिचा डोळा लागला. मागून पोरीचं मांजराच्या पिल्लासारखं चुळबुळणं ऐकू येत होतं, मग बारीक घर्र, मग तेही बंद. रेडिओवर कापसाचे भाव सुरू होते. तो बंद केला तरी काही नाही.

बाभळीखाली गाडी घातली, मागचं दार उघडलं. हनुवटी छातीत रुतलेली, गळ्याच्या घडीत दुधाचा सुकलेला थेंब. एका बोटानं हनुवटी वर केली. तिनं मोठा श्वास घेतला, शिंकली आणि पुन्हा झोपली. माझे पाय मात्र तिथंच गेले रे. सुमी जागी झाली, "काय झालं बाबा?" म्हटलं, "काही नाही, पाय मोकळे करतो." उशी डिकीत जॅकखाली सारली.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून तिला खुर्चीचं पुस्तक वाचायला लावलं. तिला वाटलं, बाबांना कौतुक आहे. डोकं बाजूला कलंडलं तर बहुतेक काही बिघडत नाही, समोर पडू नये. एवढ्याशा लेकराची मान ती, हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाटच दबते. उशीनं नेमकं तेच केलं, मागून डोकं पुढं ढकललं. शिवाय आपल्या गाडीची सीट मागं उतरती, त्यानं खुर्ची उभी झाली होती. तान्ह्या पोरासाठी ती 45 अंशांच्या आसपास रेललेली लागते. बाजूला रेघ आहे, ती जमिनीला समांतर यायला हवी. आता पुस्तकात चालतं म्हटलंय म्हणून खाली टॉवेलची गुंडाळी दिली. पट्टेही ढिले होते, ते चिमटीत येणार नाहीत इतके ओढले. घरी आल्यावर ही म्हणाली, झोपली आहे तर राहू दे खुर्चीतच ओसरीवर. सुमीनं ऐकलं नाही, उचलून गादीवर पाठीवर ठेवलं. मी पहिल्यांदा लेकीची बाजू घेतली, तर ही दिवसभर फुगून.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? नातू अकरावीला गेला म्हणे. पुणं मानवतं का? वहिनींना नमस्कार.

हे कुणालाच सांगितलं नाही. ही कालपासून उशी शोधते आहे, ट्रंका उपसून झाल्या. आज म्हणाली, नागपूरलाच राहिली असेल, जावयाले फोन लावा. मी म्हटलं, कळंबला जाऊन येतो, मग लावतो. चिंतामणीच्या देवळाबाहेर गाडीत बसून लिहितो आहे. डिकी अजून उघडलेली नाही.

तुझा,
नामदेव