पोथ्या आहेत, वाचणारे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर या दर्जामुळे काय मिळणार, निधी किती येणार, केंद्र कोठे उभे राहणार, यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. मात्र हा दर्जा ज्या आधारावर मागितला गेला, तो आधार, म्हणजे नाणेघाटातील प्राकृत लेख, सातवाहन राजा हालाने संकलित केलेली ‘गाहा सत्तसई’ ही प्राकृत गाथांची पोथी आणि म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हे चक्रधरस्वामींचे गद्य चरित्र, पूर्वी कोणी तरी अक्षर अक्षर लावून वाचला म्हणूनच आपल्या हाती आला. ही वाचणारी माणसे पुढच्या पिढीत कोठून येणार, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. चाळीसहून अधिक वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका म्हणून त्याविषयीच लिहीत आहे.

ग्रंथ जवळ असणे आणि तो वाचता येणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे मराठीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाच्या मठांत लीळाचरित्राच्या पोथ्या शतकानुशतके भक्तिभावाने जपल्या गेल्या. पण त्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत असल्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला एवढ्या मोठ्या गद्य वाङ्मयाचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी या लिप्यांचा उलगडा केला, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. लिपी उलगडली म्हणून काम संपलेही नव्हते. म्हाइंभटांची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी आठवणींतून ती पुन्हा सिद्ध केली, त्यामुळे तिचे निरनिराळे पिढीपाठ, म्हणजे परंपरेने चालत आलेली मजकुराची वेगवेगळी रूपे, तयार झाले. कोणता पाठ कोणत्या शाखेचा आणि कोणते वाक्य मागाहून घुसले, हे ठरवायला जुनी मराठी नुसती कळून भागत नाही, लेखनिकाचा हात कोठे आणि का चुकतो हेही ओळखावे लागते. यालाच पाठचिकित्सा म्हणतात आणि माझ्या मते अभिजात विद्येचा कणा तोच आहे.

ही विद्या आपल्याकडे पाश्चात्त्यांकडूनच आली, असा एक समज आहे, तो अर्धाच खरा मानावा. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो, असे वर बजावूनही ठेवले. संपादकाने मूळ ग्रंथात आपली भर घालू नये, हे तत्त्व इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारा संपादक मला तरी दुसरा माहीत नाही.

आधुनिक काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीतील प्रतीपासून केरळच्या मल्याळम लिपीतील प्रतीपर्यंत श्लोकामागून श्लोक ताडून पाहायचे, पाठभेद तळटीपांत नोंदवायचे आणि प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसलेला, वाटणारा मजकूर फेकून न देता वेगळा काढून ठेवायचा, अशी ती पद्धत होती. वि. सी. सुखठणकर यांनी १९२५ मध्ये सूत्रे घेतली, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण केले आणि १९४३ मध्ये ते निवर्तले; सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले; पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांच्या हातांखालून जाऊन १९६६ मध्ये मूळ संहिता पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली. एकाने अर्ध्यावर ठेवलेले काम दुसऱ्याला त्याच ओळीपासून पुढे नेता आले, कारण दरम्यान शिकवण्याची साखळी तुटली नव्हती. डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि पस्तीस भागांनंतरही कोश ‘अ’ या अक्षरातच आहे, याची लोक थट्टा करतात. विद्यार्थिदशेत मीही केली आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ आणि शब्दांच्या नोंदींच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या यांतून प्रत्येक शब्दाचा ऋग्वेदापासूनचा प्रवास मांडायचा, तर घाई कशी करणार, हे नंतर कळले. असली कामे तीन वर्षांच्या अनुदानावर उभी राहत नाहीत.

आता शाळा-महाविद्यालयांकडे पाहू. दहावीला संस्कृत घेणारी मुले आजही कमी नाहीत. पण त्यांतील बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण हवे असतात, आणि ते मिळाले की विषयाशी संबंध संपतो. बारावीला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा आहे. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात होते, तेथे ही मुभा आल्यावर काही वर्षांत संस्कृतची पटसंख्या इतकी घटली की माझ्या निवृत्तीनंतर ते पद भरलेच गेले नाही. त्या मुलांना मी दोष देत नाही, बी. ए., एम. ए. होऊन, नेट-सेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर राबणारे माझेच माजी विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. अर्धमागधी आणि पाली हे विषय मंडळाच्या यादीत अजून आहेत, पण ते शिकवणारी शाळा शोधू गेल्यास पायपीट होते.

हा ऱ्हास आपल्याकडचाच नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये ग्रीक-लॅटिन विद्येच्या पदवीसाठी त्या भाषांची सक्ती काढून टाकली, आणि त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठाने आपला अभिजात विद्येचा विभागच बंद करण्याचे ठरवले. शाळेत ग्रीक-लॅटिन शिकण्याची संधी न मिळालेल्यांनाही दार उघडावे, हा प्रिन्स्टनचा विचार मला मोलाचा वाटतो, आणि महाराष्ट्रात तर तो अधिकच लागू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि नाइलाजाने पर्शियन घ्यावी लागली, हे विसरून या विद्येच्या भवितव्यावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दार उघडायचे ते आत येऊन शिकण्यासाठी. कोणत्याही घरातल्या, संस्कृतचा गंध नसलेल्या मुलाला पदवीच्या पहिल्या वर्षी मुळाक्षरांपासून शिकवायला सुरुवात करावी. तिसऱ्या वर्षाअखेर मात्र त्याला मूळ ग्रंथ वाचता आलाच पाहिजे. अनुवाद वाचून मिळालेल्या पदवीला मी अभिजात विद्येची पदवी म्हणणार नाही.

हस्तलिखितांच्या छायाप्रती काढण्यावर सध्या भर आहे आणि तो असायलाच हवा. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची आणि पोथ्यांची नासधूस झाली, त्यानंतर तर त्याविषयी शंका घ्यायला जागाच उरली नाही. पण जुन्या पोथीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. संगणकाने एखादा पाठ सुचवला तरी तो बरोबर की चूक हे सांगायला पोथी वाचणारा माणूसच लागेल. एरवी सांकेतिक लिपीऐवजी संगणकात बंद झालेले लीळाचरित्र, एवढाच काय तो फरक राहील.

म्हणून, अभिजात दर्जाच्या नावाने येणाऱ्या निधीतील मोठा वाटा भवन आणि महोत्सव यांच्याआधी माणसांवर खर्च व्हावा: विद्यापीठांत प्राकृत, पाली आणि जुन्या मराठीची कायम पदे भरावीत, तरुण संपादकांना एखाद्या अनुभवी संपादकाच्या हाताखाली किमान दहा वर्षे पूर्ण वेतनावर बसता यावे, आणि मराठीच्या एम. ए.ला पोथीवाचनाची प्रत्यक्ष परीक्षा असावी. लीळाचरित्र जेथे सिद्ध झाले त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. या कामाचा आरंभ तेथून व्हावा. आपल्या वृत्तपत्रानेही येत्या ३ ऑक्टोबरला कार्यक्रमांच्या बातम्यांबरोबर एक माहिती शासनाकडे मागून छापावी: दर्जा मिळाल्यापासून या विषयांची किती कायम पदे भरली गेली आणि किती रिक्त आहेत.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सातारा