अविवाहितेची कीर्द

माननीय संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बायकांवरचा लेख वाचला. लग्न न झालेल्या मुली 'बापाभावाच्या आधाराने राहत', एवढ्यावर लेखकाने त्यांना निकालात काढले, ते मनाला लागले. इंग्लंडच्या उत्तरेला, अल्व्हरस्टन गावाजवळच्या स्वार्थमूर हॉलमध्ये सारा फेल राहत होती. तिथे घरच तिच्या आधाराने चालले होते.

वडील, न्यायाधीश टॉमस फेल, १६५८ मध्ये वारले. आई मार्गारेट धर्मापायी तुरुंगात गेली. १६६९ मध्ये तिने पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्याशी लग्न केले. तेही कायम फिरतीवर, नाहीतर कैदेत. शेती, लोखंडाचा कारखाना, गावातली देवघेव हे सगळे साराने पाहिले. तिची १६७३ ते १६७८ या वर्षांची कीर्द शिल्लक आहे आणि १९२० मध्ये ती छापलीही गेली.

मी बावीस वर्षे आडतीवर कीर्द लिहिली, म्हणून ती वाचताना जीव गुंतला. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, अशा नाण्यांत रोजचा मेळ घालायचा! महिन्यांना नावे नाहीत, फक्त आकडे, कारण रूढ नावांत जुन्या देवांची नावे म्हणून क्वेकर ती टाळत; मार्च त्यांचा पहिला महिना. आणि लोखंडाच्या, धान्याच्या हिशेबात मधेच बहिणींसाठी गळ्याभोवतीची वस्त्रे, स्वतःसाठी एक लहानसे, काळे.

लग्न झाले असते तर त्या काळच्या कायद्याने बाईचा पैसा नवऱ्याचा झाला असता. अविवाहितेला स्वतःच्या नावाने करार करता येई, कर्ज देता येई. सारा क्वेकर बायकांच्या मासिक सभेची चिटणीसही होती. लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांना आधी या सभेपुढे यावे लागे. पंथातल्या काही पुरुषांना हे खपले नाही, १६७० च्या दशकात त्यावरून फूटही पडली. साराने स्वतः लग्न केले ते १६८१ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर.

ती सधन घरची होती, हे मान्यच. पण त्याच कीर्दीत तिच्या शेतात राबणाऱ्या बायकाही आहेत, रोजंदारीच्या पेन्सपुढे लिहिलेल्या. त्यांच्यातही बिनलग्नाच्या असणारच. पुढचा लेख त्यांच्यावर यावा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, लातूर