क्रीट दोन दिवसांत उरकू नका

संपादक महोदय,

ग्रीसचे क्रीट बेट सुमारे 260 किलोमीटर लांब आहे. खान्देशातून सहल आखणाऱ्यांनी मुक्काम पश्चिमेला हानियात ठेवावा. बालोस, एलाफोनिसी हे देखणे किनारे त्याच बाजूला आहेत. बालोसची बोट किसामोसहून सुटते आणि वारा वाढला की रद्द होते. म्हणून पहिल्याच दिवशी जावे, बोट हुकली तरी पुढचा दिवस हाताशी राहतो. तिथे सावली जवळपास नाहीच. जळगावचे ऊन सोसणाऱ्यांनीही छत्री न्यावी. एलाफोनिसीची वाळू शिंपल्यांच्या बारीक चुऱ्याने गुलाबी दिसते. कृपया ती पिशवीत भरू नका, मनाई आहे.

सामारियाची घळ म्हणजे 16 किलोमीटरची पायवाट, बहुतेक दगडगोट्यांचा उतार. चपला चालत नाहीत, पक्के बूटच हवेत. खाली समुद्रकाठच्या आगिया रूमेली गावाला गाडीरस्ता नाही. संध्याकाळची बोट चुकली तर रात्र तिथेच.

– एक वाचक, भुसावळ