थंडीतल्या बाळाचं नाव

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, "नाव ठरलं का?" हा तुझा प्रश्न हल्ली फोनवर 'हॅलो'च्याही आधी येतो, म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं. ठरलेलं नाही. पण काय नको ते पक्कं झालंय, आणि ते का नको हे फोनवर नीट सांगता येत नाही, कारण गाडी लगेच माझ्या गोळ्यांवर आणि झोपेवर जाते.

बाळ डिसेंबरच्या अखेरीस यायचंय. इथे या दिवसांत जन्मणाऱ्या बाळाला ऋतूचं, नाहीतर नाताळाचं नाव ठेवायची लोकांना भारी हौस. माझ्याबरोबर तपासणीला येणाऱ्यांपैकी एकीने 'होली' ठरवलंय, दुसरीने 'आयव्ही'. होली म्हणजे काटेरी पानांचं, लाल फळांचं झाड आणि आयव्ही ही वेल. थंडीत बाकीची झाडं बोडकी होतात तेव्हा ही दोन्ही हिरवीगार असतात, म्हणून नाताळच्या सजावटीत त्यांना मान. होली मलाही आवडलं होतं. पण आपल्याकडे तिला जन्मभर "होळीला झालीस का गं?" असंच विचारतील, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

बर्फाची नावं तर देशोदेशी आहेत. वेल्शमध्ये एरा, फिनिशमध्ये लुमी, जपानीत युकी. युकी कुठल्या अक्षराने लिहाल त्यावर बर्फ की सुख ते ठरतं, म्हणजे दोन्ही हातांत लाडू! आपली हिमानी याच जातकुळीतली. ऐकायला गोड वाटतात सगळी. पण मी प्रत्येक नावाची एक परीक्षा घेते: स्वयंपाकघरातून खणखणीत हाक मारायची आणि बाहेरच्या खोलीतून तुझ्या जावयाने ओ द्यायची. "हिमानी, उन्हात टोपी घाल!" असं ओरडले आणि दोघंही हसत सुटलो. मुलगी काय नुसती डिसेंबरातच राहणार आहे? भर उन्हाळ्यातही तिला त्याच नावाने वावरायचंय.

नाताळाच्या नावांचं दुखणं निराळं. मुलासाठी 'नोएल' कुणीतरी सुचवलं. फ्रेंचमध्ये नाताळालाच नोएल म्हणतात. आता बाळाने मुहूर्त चुकवला आणि स्वारी जानेवारीत आली, तर काय करायचं? आणि नेमकी नाताळातच आली तरी पंचाईत. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांची तक्रार असते की वाढदिवस आणि नाताळ मिळून एकच भेट पदरात पडते. त्यात नावही तेच म्हणजे बिचाऱ्याचं स्वतःचं असं काही उरलंच नाही.

काही नावं उगीचच या रांगेत उभी असतात. निकोलस घे. सांताक्लॉजच्या कथेमागचे संत निकोलस, त्यांचा दिवस 6 डिसेंबर, म्हणून नाव हिवाळी. पण ते बिशप होते मायराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी! नावाचा अर्थही लोकांचा विजय असा काहीतरी. कॅरोलचं तसंच. नाताळची गाणी म्हणजे कॅरोल खरी, पण मुलीचं नाव मुळात चार्ल्सच्या लॅटिन रूपावरून आलेलं. असो.

मला भुरळ घातली ती लपलेल्या नावांनी. नताशा! हे नतालियाचं लाडाचं रूप, आणि नतालिया आलं जन्मदिवसाच्या, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या, लॅटिन शब्दावरून. नोएलही त्याच मुळाचं, पण नताशाकडे बघून कुणाला नाताळ आठवतो? टिफनीही तशीच. 6 जानेवारीच्या एपिफनीच्या सणाला जन्मलेल्या मुलींना मध्ययुगात थिओफनिया नाव ठेवत, त्याचं घासून घासून टिफनी झालं. जॅस्पर हे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांपैकी कास्परचं रूप. गंमत म्हणजे बायबलात त्यांची नावं नाहीत, ते तीन होते असंही लिहिलेलं नाही. सगळं मागाहून आलं.

या सगळ्यांत ल्युसी फार वरचढ. लॅटिनमधल्या उजेडाच्या शब्दावरून आलेलं नाव, आणि संत ल्युसीचा दिवस 13 डिसेंबर. जुनं ज्युलियन कॅलेंडर हळूहळू मागे पडत गेलं होतं, त्यामुळे चौदाव्या शतकाच्या सुमारास वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास यायची. पुढे 1582 मध्ये पोप ग्रेगरींनी 10 दिवस गाळून हिशेब जुळवला, मोठी रात्र पुढे सरकली, ल्युसी आपली तिथेच राहिली. स्वीडनमध्ये अजूनही त्या दिवशी मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गात निघतात. बाबा, इथे सध्या चार वाजता दिवे लावावे लागतात, तेव्हा काळ्याकुट्ट रात्रीला उजेडाचं नाव देणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यात ना बर्फ, ना थंडी, तरी पुरतं हिवाळ्यातलं.

मग आपल्या नावांत असं काही सापडतं का ते बघत बसले. हेमंत आणि शिशिर अगदीच उघडे. तुषार, तुहिन, नीहार सगळे दव-धुक्याच्या घरचे; त्यातला नीहार हाकेला छान उतरला, मुलगा झाला तर तो सध्या पुढे आहे. मुलीसाठी हैमवती मनात भरलं होतं, हिमवानाची लेक म्हणून, पण इथल्या नर्सबाईंना म्हणायला सांगितलं तर "हायमा…" वर गाडी अडली ती अडलीच. मग जावयांनी आठवण करून दिली की केनोपनिषदात ती 'उमा हैमवती' म्हणूनच येते. उमा! दोन अक्षरं, नर्सबाईंनाही जमली, उन्हाळ्यातही चालेल, आणि बाप हिमालय हे ज्याला माहीत त्याला माहीत.

तर आई, उमा आणि नीहार ही दोन नावं दोन-चार दिवस घरात मोठ्याने म्हणून बघा आणि काय वाटतं ते खरं खरं कळव. बाबा, तुम्ही पुन्हा हेमंत सुचवणार हे ठाऊक आहे. पण घरात हेमंतकाका असताना मी मुलावर त्या नावाने डाफरायला लागले, तर काकांनाच ओ द्यावी लागेल.

तुमची,
धाकटी