बीटनुसार क्लिप तोडताना होणाऱ्या चुकीबद्दल तक्रार

प्रति,
तांत्रिक सहाय्य विभाग

विषय : नव्या अपडेटनंतर ‘स्प्लिट ॲट बीट’ कमांड टेम्पो (मिनिटाला किती मात्रा) जवळच्या पूर्णांकात वळवते, त्यामुळे काप ठोक्यावर पडत नाहीत.

महोदय/महोदया,

आम्ही नाशिकमध्ये रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो आणि आपल्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरच्या पूर्ण आवृत्तीचे परवानाधारक आहोत. ढोल-ताशा पथकांचे रेकॉर्डिंग बीटनुसार तोडून त्याचे लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तुकडे) बनवणे हे आमचे नेहमीचे काम. पैसे भरून घेतलेल्या अपडेटनंतर हेच काम अडले आहे.

दोष कुठे आहे ते स्वच्छ दिसते. प्रोजेक्टचा टेम्पो १२८.६ ठेवला की पडद्यावर १२८.६ च दिसतो, मेट्रोनोमही त्याच लयीत वाजतो. तोडण्याची कमांड मात्र १२९ धरून चालते. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेताना, १२८.६ ची एक मात्रा २२,३९५ सॅम्पलची होते. आपली कमांड २२,३२६ सॅम्पलवर काप टाकते. एका मात्रेमागे जेमतेम दीड मिलिसेकंदाचा फरक, पण तो साचत जातो. १६ मात्रांनंतर २३ मिलिसेकंद, ८० मात्रांनंतर सुमारे ११६, म्हणजे सरळ पाव मात्रा. काप ठोक्याच्या आधी पडतो, तुकड्याच्या तोंडाशी मागच्या ठोक्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) येते आणि असे तुकडे ग्रिडवर (मात्रा दाखवणाऱ्या समान अंतराच्या रेषांवर) बसवले की प्रत्येक ठोका उशिरा वाजतो.

पडताळणी सोपी आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा रिकामा प्रोजेक्ट उघडा, टेम्पो १२८.६ करा, मेट्रोनोमचा आवाज ८० मात्रांहून थोडा लांब वेव्ह फाइलमध्ये काढा, ती फाइल ट्रॅकवर अगदी शून्यापासून ठेवा आणि कमांड चालवा. शेवटचे काप मोठे करून पाहा. एमपी३ घेऊ नका. त्यात सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते आणि निष्कर्ष बिघडतो. टेम्पो १२९.० ठेवून हेच केले तर काप बरोबर पडतात. म्हणजे दोष फाइलचा नाही, टेम्पो पूर्णांकात वळवण्याचा आहे.

आपल्या प्रतिनिधींनी ‘सेन्सिटिव्हिटी वाढवा’ असे कळवले. ती पट्टी ठोके शोधून तोडण्याच्या पद्धतीसाठी आहे. ग्रिडनुसार तोडताना ठोका शोधलाच जात नाही, मग ती वाढवून काय होणार? आठ-आठ मात्रांचे भाग करून तोडले तर चूक ११-१२ मिलिसेकंदांत राहते, पण टिपरूच्या (ढोल वाजवायच्या काठीच्या) ठोक्यावर तेवढी चूकही दुहेरी ठोका म्हणून ऐकू येते.

ठोके शोधून तोडण्याची पद्धत इथे पर्याय ठरत नाही, कारण तिथे दुसरीच अडचण आहे. ट्रॅक एका गटात जोडलेले असूनही कमांड प्रत्येक ट्रॅकचे ठोके वेगळे शोधते. ढोलाजवळचा माइक आणि तीन मीटर उंचीवरचा माइक यांत मुळात सुमारे ९ मिलिसेकंदांचे अंतर असते. ते कायम राहिले तर आवाज भरीव लागतो. पण वरच्या माइकवर ताशाची तर्री (जलद कडकडाट) मिसळलेली असते, तिच्यामुळे काप पुढे-मागे पडतात आणि ते ग्रिडवर ओढले की हे अंतर ठोक्यागणिक बदलते. ८० हर्ट्झच्या गुंजेला सहा मिलिसेकंद सरकणे म्हणजे जवळजवळ उलटी फेज, दोन्ही माइकचे आवाज एकमेकांना खोडतात. ढोलाचे पोट काही ठोक्यांवर गायबच होते. पथकाच्या रेकॉर्डिंगचा प्राण त्या खालच्या आवाजात असतो, म्हणून ही गोष्ट आम्ही किरकोळ मानत नाही.

शिवाय प्रत्येक कापावर आपोआप ५ मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज शून्यापासून हळूहळू चढवणे) बसतो. टिपरूचा कडकपणा त्याच पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, तो बोथट होतो. काप ठोक्याच्या १-२ मिलिसेकंद आधी घेऊन फेड-इन जास्तीत जास्त १ मिलिसेकंद ठेवला आणि शेवटी ५ ते १० चा फेड-आउट दिला, तर टिचकीही येत नाही आणि ठोकाही शाबूत राहतो. निदान हा आकडा बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असावी.

आमच्या मागण्या अशा. टेम्पो दशांशासह वापरून कापाची जागा दर वेळी क्लिपच्या सुरुवातीपासून मोजावी, आधीच्या कापात लांबी मिळवत जाऊ नये. गटातल्या सर्व ट्रॅकवर एका निवडलेल्या ट्रॅकचेच काप लागू व्हावेत. दुरुस्ती कधी मिळेल ते १५ दिवसांत लेखी कळवावे आणि तोपर्यंत मागील आवृत्ती उतरवून घेण्याचा दुवा द्यावा; तिच्यात काप बरोबर पडत होते. गणेशोत्सवाच्या आधी पथकांचे काम पूर्ण करायचे असल्याने हा दुवा आम्हाला लगेच हवा आहे.

यातले काहीच शक्य नसेल तर अपडेटची रक्कम परत करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत : १२८.६ टेम्पोची चाचणी फाइल, प्रोजेक्ट फाइल, शेवटच्या कापांची पडदाचित्रे.

आपले,
परवानाधारक ग्राहक, नाशिक